श्वानाचे हृदय आणि हत्तीपाय

हैदराबादेत बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळ एक जुनी इमारत आहे. उस्मानिया विद्यापीठाकडे असलेल्या या वास्तूस सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे. सिकंदराबादच्या छावणीतील या लष्करी डॉक्टरास २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीची वाढ होताना दिसली. हैदराबादेत वाढलेल्या आपल्या मंडळींना ही हकीकत शाळेत असतानाच ऐकावयास मिळते. हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण, त्यास दर डासामागे एक आणा या दराने चावविलेले दहा डास आणि रॉसचा सूक्ष्मदर्शक, एवढे चित्र आम्हां सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. पण एक प्रश्न आम्हांस फार उशिरा सुचला. माणसाचा ताप शोधावयास निघालेल्या या डॉक्टरास डासाचे पोट फाडून पाहावे, ही बुद्धी झाली कशी? त्या काळी हिवताप हा दलदलीच्या दूषित हवेचा परिणाम मानला जात असे. मग डासच का?

याचे उत्तर सिकंदराबादेत नाही. ते चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय बंदरात आहे, आणि हिवतापाशी त्याचा मुळात संबंध नाही. तो इतिहास हत्तीपायाचा आहे, आणि त्याच्या जोडीने, हे आम्हांस विशेष वाटते, कुत्र्याच्या हृदयात राहणाऱ्या एका किड्याचा आहे.

पॅट्रिक मॅन्सन हा स्कॉटलंडचा डॉक्टर चीनच्या सागरी जकात खात्यात नोकरीस होता आणि १८७१ पासून अमॉयला राहत होता. त्या भागात हत्तीपायाचे रुग्ण अमाप. रोग्याच्या मूत्रात व रक्तात सूक्ष्म, सुतासारखे जीव आढळतात, हे तोपर्यंत इतरांनी पाहिलेले होते. ब्राझिलमध्ये वुखेररने १८६६ साली मूत्रात ते पाहिले, आणि १८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुईस या डॉक्टराने ते माणसाच्या रक्तात दाखविले. लुईसने कलकत्त्याच्या बेवारशी कुत्र्यांचे रक्तही तपासले आणि तेथेही तसेच जीव वळवळताना पाहिले. मॅन्सननेही अमॉयमध्ये तेच केले. माणसाच्या शरीरातील पूर्ण वाढलेला कृमी त्यास मिळत नव्हता, कारण तो लसिकावाहिन्यांत खोल दडलेला असतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र शवविच्छेदन करताच हृदयात व फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत शेवयांच्या गुंत्यासारखे पांढरे कृमी मिळत. रक्तात दिसणारी पिल्ले आणि हृदयात दिसणारे आईबाप यांचे नाते कुत्र्यात उघड दिसत होते. माणसात ते अनुमानाने जाणावे लागे. माणसातील पूर्ण वाढलेला कृमी अखेर १८७६ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जोसेफ बँक्रॉफ्ट यांस सापडला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात आजही बँक्रॉफ्ट आहेत.

कुत्र्याच्या त्या कृमीस फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांनी १८५६ सालीच नाव दिले होते. त्यांनी निवडलेल्या ‘इमायटिस’ या लॅटिन विशेषणाचा अर्थ निर्दय. पुढे १९११ साली त्याच्या गणास ‘डायरोफायलेरिया’ हे नाव मिळाले. त्यातही भीषण सूत असाच अर्थ आहे. नावे अतिशयोक्त नाहीत. मादी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब होते, आणि एका कुत्र्यात अशा अनेक नर-माद्या पाच ते सात वर्षे राहू शकतात. कुत्रा आधी लवकर दमू लागतो, मग खोकतो, पुढे त्याच्या पोटात पाणी साठते आणि हृदय थकून तो मरतो. घरच्यांस वाटते, म्हातारा झाला.

मॅन्सनपुढे प्रश्न असा होता की, रक्तातील ही पिल्ले तेथेच वाढत नाहीत. वाढली असती, तर माणूस केव्हाच मेला असता. तेव्हा त्यांस शरीराबाहेर पडावयास हवे, आणि त्यांना स्वतः बाहेर पडता येत नाही. म्हणजे रक्त पिणारे कोणीतरी त्यांस बाहेर काढीत असले पाहिजे. त्याने डासावर संशय धरला. त्याच्याकडे हिन लो नावाचा माळी होता व त्याच्या रक्तात ही पिल्ले होती. १८७७ साली या माळ्यास रात्री डासांच्या खोलीत निजवून मॅन्सनने सकाळी रक्त पिऊन तट्ट झालेले डास गोळा केले आणि एकामागून एक फाडून पाहिले. डासाच्या पोटात पिल्लाने आपली पातळ खोळ टाकली, जठराची भिंत भेदली, ते छातीच्या स्नायूंत शिरले आणि तेथे वाढू लागले. रक्त पिणाऱ्या कीटकाच्या शरीरात माणसाच्या रोगाचे बीज वाढते, हे प्रथमच कोणी पाहत होते. १८७८ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. त्यात त्याने डासास या कृमीची दाई म्हटले होते.

त्याच सुमारास दुसरी एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या ध्यानी आली. ही पिल्ले दिवसा बोटाच्या रक्तात जवळजवळ सापडत नाहीत, आणि सूर्यास्तानंतर वाढत वाढत मध्यरात्रीच्या सुमारास अगणित होतात. दिवसा ती फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत विसावलेली असतात. किड्याजवळ घड्याळ असते काय, अशी थट्टा त्यावर झाली, असे सांगतात. पण घड्याळ खरेच होते, आणि ते रात्री चावणाऱ्या डासाच्या वेळेशी जुळलेले होते.

येथवर सर्व बिनचूक. पुढे मात्र मॅन्सन चुकला. डास चार-पाच दिवसच जगतो, एकदाच रक्त पितो, पाण्यावर अंडी घालतो आणि तेथेच मरतो, अशी त्या काळची समजूत होती. त्याचे पिंजऱ्यातील डासही तितपतच जगत. म्हणून त्याने ठरविले की, मेलेल्या डासातून कृमी पाण्यात उतरतात आणि माणूस ते पाणी पितो, तेव्हा रोग जडतो. डास दाई खरी, पण मूल परत आणून देते पाणी, असा हा सिद्धांत वीस वर्षांहून अधिक काळ टिकला.

या चुकीला हसण्याचा अधिकार आपणांस नाही. ‘पाणी बाधले’ हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग आजही जिवंत आहे. सुश्रुतसंहितेत श्लीपदाचे निदान सांगताना, जेथे जुने पाणी साठून राहते आणि जो मुलूख सर्व ऋतूंत गारठलेला असतो, तेथे हा रोग विशेषेकरून होतो, असे म्हटले आहे. इतक्या प्राचीन काळी साठलेल्या पाण्याचा संबंध वैद्यांच्या लक्षात आला होता, ही निरीक्षणाची थोर गोष्ट होय. दुसरीकडे सोळाव्या शतकात गोव्यात राहून गेलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाचा ग्रंथ १५९६ साली प्रसिद्ध झाला. संत थॉमसचा वध करणाऱ्यांच्या वंशजांना शिक्षा म्हणून हत्तीसारखा पाय मिळतो, ही लोकवार्ता त्याने नोंदवून ठेवली. रोग पाण्याने होतो की पूर्वजांच्या पापाने, असे हे दोन पक्ष होते.

आमच्या घरात हे दोन्ही पक्ष नांदत होते. आमच्या थोरल्या आत्याबाई काचीगुड्याच्या वाड्यात राहत. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला होता. लुगड्याचा घोळ त्या नेहमी त्या बाजूस अधिक सोडीत. ‘मुशीचे पाणी लागले’ असे आजी म्हणे. म्हणून आमच्याकडे पिण्याचे पाणी बाराही महिने उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून घेतले जाई, आणि ते घंगाळ दुसऱ्या कोणी हाताळलेले आजीस खपत नसे. मागील दारी मात्र मोरीचे पाणी साठून राहणारा खड्डा होता, त्यावर संध्याकाळी डासांचा थवा गुणगुणत असे, आणि आत्याबाई उकाड्यामुळे मागच्याच ओसरीवर, दारच्या कुत्र्याच्या शेजारी निजत. पुढे त्यांच्या थोरल्या मुलीचे जमत आलेले स्थळ मोडले. पाय घराण्यात आहे, असे वरपक्षाने मध्यस्थाकरवी कळविले. उकळलेल्या पाण्याने आत्याबाईंचा पाय वाचला नाही, आणि त्यांच्या लेकीस नसलेल्या वारशाची शिक्षा झाली. हे घडले त्या वेळी रोगाचे खरे कारण ठाऊक होऊन पन्नास वर्षे उलटून गेली होती. आपल्या जुन्या घराण्यांपैकी अनेकांना अशी एखादी आत्या किंवा मावशी आठवेल.

आता पुन्हा रॉसकडे वळू. मॅन्सन पुढे लंडनला परतला. १८९४ साली रजेवर आलेल्या रॉसची आणि त्याची तेथे भेट झाली. फायलेरियाचे बीज डास नेतो, तर हिवतापाचेही तोच नेत असेल, हे त्याने रॉसच्या मनावर बिंबविले. बेगमपेठेतील शोधाची प्रेरणा ही अशी अमॉयच्या माळ्याकडून आलेली आहे. प्रेरणेबरोबर चूकही आली. १८९५ साली सिकंदराबादेत रॉसने मेलेले डास घातलेले पाणी लछमन नावाच्या माणसास पाजून पाहिले. त्यास थोडा ताप आला आणि गेला, आणि त्यातून काहीच ठरले नाही. पुढे रॉसचा कल डासाच्या दंशाकडे वळू लागला. १८९७ च्या ऑगस्टात त्यास हवा तो पुरावा अर्धा मिळाला, आणि सप्टेंबरात त्याची बदली झाली. राजपुतान्यातील खेरवाडा येथे, जेथे हिवताप जवळपास नव्हताच! सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या ठिकाणी रॉसविषयी जी आत्मीयता वाटते, ती त्याच्या नोबेल पारितोषिकामुळे वाटत नाही. मॅन्सनने लंडनहून खटपट केली आणि १८९८ च्या आरंभी रॉस कलकत्त्यास आला. तेथे माणसांवर प्रयोग करणे जमेना. तेव्हा त्याने पक्ष्यांचा हिवताप घेतला. जुलै १८९८ मध्ये चिमण्यांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केले की, बीज डासाच्या लाळेच्या ग्रंथीत पोचते आणि दंशाबरोबर पुढच्या प्राण्यात उतरते. पाण्याचा सिद्धांत हिवतापापुरता मोडला.

हत्तीपायाच्या बाबतीत तो मोडावयाचा राहिला होता. ब्रिस्बेनच्या बँक्रॉफ्ट यांचे पुत्र थॉमस यांनी डासांस केळे खावयास देऊन ते कितीतरी आठवडे जिवंत ठेवले. आपल्या पिंजऱ्यातील डास अन्नावाचून मरतात, ही साधी गोष्ट मॅन्सनच्या लक्षात आली नव्हती. सोळा-सतरा दिवसांनी डासाच्या शरीरातील अळी पक्व होते, असे थॉमसना दिसले. त्यांनी पाठविलेल्या डासांचे पातळ काप घेऊन १९०० साली लंडनमध्ये जॉर्ज लो यांनी अळ्या चक्क डासाच्या सोंडेत पाहिल्या. भारतात काम करणाऱ्या सिडनी जेम्स या डॉक्टरासही त्याच वर्षी तेच दिसले. सोंडेत अळी आहे, म्हणजे ती दंशाच्या वेळी उतरणार, हे तर्काने पटते, पण उतरते हे दाखवावयाचे कसे? माणसास बरा न होणारा रोग मुद्दाम जडवून वर्षानुवर्षे वाट पाहणे कोणत्याही डॉक्टरास शक्य नव्हते.

तेथे कुत्रा उपयोगी पडला. रोममध्ये ग्रासी आणि त्यांचे सहकारी नोए यांनी त्याच १९०० साली श्वानाच्या हृदयकृमीवर हे काम केले आणि रक्तातील फायलेरिया विशिष्ट डासांच्या दंशानेच पसरतो, असे जाहीर केले. अळी डासाच्या सोंडेच्या मांसल म्यानातून बाहेर येते आणि दंशाच्या जागेतून शरीरात शिरते, हे कुत्र्यात दिसले, म्हणून माणसात मानले गेले. थॉमस बँक्रॉफ्ट यांनीही पुढे श्वानांवर हेच निरीक्षण चालविले. ग्रासी व रॉस यांच्यातील हिवतापाच्या श्रेयाचे भांडण पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि दोघांपैकी कोणाचीही बाजू घेण्याचा उत्साह आम्हांस नाही. कुत्र्यांवरील या कामाची आठवण मात्र त्या भांडणाच्या धुरळ्यात क्वचितच कोणी काढतो.

औषधाच्या इतिहासातही हीच जोडी दिसते. आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालील मंडळींनी १९४७ साली डायइथिलकार्बामाझीन हे औषध प्रसिद्ध केले. ‘हेट्राझान’ या नावाने आमच्या पिढीस ते परिचित आहे. त्याची परीक्षा आधी कापसाच्या शेतातील उंदरांवर आणि हृदयकृमी झालेल्या कुत्र्यांवर झाली, मग पोर्टो रिकोतील माणसांवर. भारत सरकारने १९५५ साली हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याचा कणा हेच औषध होते. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेचलेल्या एका जंतूपासून अमेरिकेतील विल्यम कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन सिद्ध केले. त्याचा उपयोग प्रथम गुराढोरांत झाला. १९८७ या एकाच वर्षी अमेरिकेत कुत्र्यास हृदयकृमी होऊ नये म्हणून त्याची महिन्याची गोळी मान्य झाली, आणि आफ्रिकेतील माणसांस आंधळे करणाऱ्या दुसऱ्या एका फायलेरियावर तेच औषध फुकट वाटण्याची घोषणा झाली. २०१५ चे नोबेल या दोघांस मिळाले. २०१८-१९ पासून बिहारमधील अरवल आणि आपल्या नागपूर जिल्ह्यापासून आरंभ करून, जुन्या दोन औषधांच्या जोडीस हे तिसरे देण्याची योजना भारतात सुरू झाली. गोव्यात रोगाचा प्रसार इतका घटला की, सामूहिक औषधवाटप थांबविता आले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या बाजूस आणि निजामाच्या जुन्या मुलखातील कलबुर्गी, बीदरकडे लढाई बरीच लांबली. सरकारने २०२३ साली उच्चाटनासाठी २०२७ ही मुदत ठरविली. याआधीच्या मुदती हुकलेल्या आहेत.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. कुत्र्याच्या हृदयकृमीमुळे माणसाचा पाय सुजत नाही. हत्तीपायाचा कृमी वेगळा, आणि तो माणसाखेरीज दुसरीकडे नांदत नाही. पण वाहक एकाच कुळातला, आणि डास चावताना जात पाहत नाही. कुत्र्याची अळी माणसात आली, तर तिला येथे संसार थाटता येत नाही. ती फुप्फुसाच्या एखाद्या बारीक रोहिणीत अडकून मरते आणि तिच्याभोवती नाण्याएवढी गाठ बनते. क्ष-किरणाच्या चित्रात ती कर्करोगासारखी दिसते. केवळ या संशयापोटी छाती उघडून गाठ काढावी लागलेले रुग्ण अमेरिकेत, जपानमध्ये नोंदलेले आहेत. गाठीत निघतो, तो मेलेला किडा. आपल्याकडे हृदयकृमी मुख्यतः ईशान्येकडे, आसाम-मिझोरामच्या बाजूस आढळतो. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळात व मंगळूरकडे, कुत्र्याच्या कातडीखाली राहणारा त्याचा भाऊबंद अधिक. तो माणसाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडद्याखाली जिवंत सरकताना दिसतो, आणि नेत्रवैद्य तो चिमट्याने ओढून काढतात. काढल्यावर रोगी बरा होतो. अनेकदा कुत्र्याची तपासणी मात्र कोणी करीत नाही, आणि तेथील डासांस पुढचे बीज मिळत राहते.

१९८६ च्या पावसाळ्यानंतर करीमनगर जिल्ह्यातील एका गावी हत्तीरोगाच्या रात्रपथकाबरोबर जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. आमचे काम केवळ देखरेखीचे होते. मॅन्सनने शोधलेल्या त्या घड्याळामुळे ही पथके रात्री साडेआठनंतरच निघतात. कंदील, काचपट्ट्यांची लाकडी पेटी, सुया, कापूस. पथक गल्लीत शिरताच गावची सर्व कुत्री भुंकू लागली. निजलेल्या माणसांस उठवून, बोटास टोचून रक्ताचा जाड थेंब काचेवर घेत आम्ही घरामागून घर पुढे सरकत होतो. एका ओट्यावर एक म्हातारा, त्याचे दोन नातू आणि पायथ्याशी एक पिवळा कुत्रा, असे सारे एका रांगेत निजलेले होते. तिघांचे रक्त घेऊन झाले. म्हाताऱ्याने बोट दाबून धरीत तेलुगूत विचारले, ‘याचे नाही घेत? डास तर आम्हां चौघांनाही चावतात.’ पथकातील तरुण हसले. म्हातारा हसला नाही, त्याने थट्टा केलीच नव्हती. पथकप्रमुखाने काचपट्टीवर क्रमांक घातला आणि कंदील उचलला. त्या रात्रीच्या नोंदवहीत घर क्रमांक, नाव, वय, लिंग आणि काचपट्टीचा क्रमांक असे रकाने होते. त्या घरापुढे आम्ही तीन काचपट्ट्या लिहिल्या आणि पुढच्या घराची कडी वाजविली.